जास्तीचा काना

कानामात्रे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव छापखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं ते प्रुफं तपासत होते. एखादा जादा काना किंवा पळालेली मात्रा त्यांच्या हातून सुटली, असं फार क्वचित झालं. म्हणून बांधणी खात्यातल्या कुणा टारगटाने त्यांना कानामात्रे म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं काही चिकटलं की एकदा पोस्टमनही "कानामात्रे कोण?" असं विचारत आत आला.

नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती, पण खोड सुटली नव्हती. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘दार निट लावा’ अशी चिठ्ठी होती. कानामात्र्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढून तिथला ‘नि’ दीर्घ केला. सेक्रेटरीने नवी चिठ्ठी लावली, तीही चुकीचीच. असं चारदा झालं. शेवटी सेक्रेटरीने वैतागून चिठ्ठीच काढून टाकली, आणि आता लिफ्टचं दार कुणीच नीट लावत नाही. बायकोला याचं काही नवल वाटलं नाही. लग्न ठरल्यावर तिने लिहिलेलं पहिलं पत्र त्यांनी दोन चुका दुरुस्त करून परत पाठवलं होतं. "तरी मी यांच्याशी लग्न केलं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक तेवढी यांनी दुरुस्त केली नाही."

छापखान्यात कानामात्र्यांच्या समोरच्या खुर्चीत रेडिओ बसायचा. हे नाव आवाजावरून पडलेलं. तो खाली बोलला की वरच्या मजल्यावरचे लोक उत्तर द्यायचे. प्रुफं तपासायची त्यांची पद्धत जुनी, दोघांनी मिळून करायची. रेडिओ मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचणार, आणि कानामात्रे समोर छापील प्रुफावर पेन्सिल टेकवून ऐकणार. रेडिओ सगळं वाचायचा, विरामचिन्हांसकट. "तो उठला स्वल्पविराम खिडकीपाशी गेला आणि थांबला पूर्णविराम." वाक्य जुळलं की कानामात्रे म्हणायचे, "पुढे." नाही जुळलं की चूक सांगायचे. "काना जास्त." "वेलांटी पहिली." "अनुस्वार उडाला." रेडिओचा नियम एकच होता: कागदावर आहे ते वाचायचं, डोक्यातलं नाही. लेखकाने घाईत ‘राजा’च्या जागी ‘रजा’ लिहिलं असेल, तर रेडिओ खणखणीत आवाजात रजेला सिंहासनावर बसवायचा आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू द्यायचा नाही.

पंचवीस वर्षं, रोज सात तास, हे असं चाललं. बायकोच्या तोंडून ऐकले नसतील इतके शब्द कानामात्र्यांनी रेडिओच्या तोंडून ऐकले, आणि बायको काही कमी बोलणारी नव्हे.

देवाधर्माची जाडजूड पुस्तकंही छापायला यायची. ती वाचताना दोघांना ऊत यायचा. चमत्कारांची वर्णनं रेडिओ हवामानाच्या बातम्यांच्या सुरात वाचायचा. एखाद्या पानावर दहा-बारा चुका निघाल्या की चष्मा कपाळावर सरकवायचा, छताकडे बघायचा आणि विचारायचा, "वर कुणी असता, तर इतक्या चुका राहिल्या असत्या का?" हा विनोद त्याने हजारदा केला असेल, आणि कानामात्रे हजारदा हसले. दोघांचा धर्म म्हणाल तर एवढाच होता.

मग रेडिओ निवृत्त झाला आणि वहिनींना घेऊन दूरच्या शहरात लेकीकडे राहायला गेला. त्याला आता सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं दर रविवारी फोन व्हायचा. मग एका रविवारी फोन वहिनींनी उचलला. "ते झोपलेत, भावजी." पुढच्या रविवारी ते फिरायला गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा झोपले होते. असं वर्ष-सव्वा वर्ष चाललं. एकदा वहिनी म्हणाल्या, "ते ना, प्रार्थनेला गेलेत," आणि कानामात्रे फोनवरच खो-खो हसले. रेडिओ आणि प्रार्थनेला! थाप मारायची तर जरा पटेल अशी तरी मारावी. पलीकडून वहिनी हसल्या नाहीत. त्यानंतर कानामात्र्यांनी फोन करणं सोडलं. फार लागलं होतं त्यांच्या मनाला. "पंचवीस वर्षं समोर बसलेल्या माणसाला फोनवर यायलाही जड होतंय, तर आपण कशाला विचार करा," असं ते बायकोला इतक्यांदा म्हणाले की ते दुसरा कसलाच विचार करत नाहीत, हे तिला कळून चुकलं.

आणि आता लेकीची बदली परत याच शहरात झाली होती. पंधरा दिवसांपूर्वी तिघेही परत आले, आणि वहिनींचा निरोप आला: शनिवारी सगळे मिळून जेवू या.

कानामात्रे खूश झाले, आणि ते कुणाला कळू नये म्हणून चार दिवस चिडचिड करत राहिले. खूश व्हायला आणखी एक कारण होतं. छापखान्याने आपला मोठा शब्दकोश नव्याने छापायला घेतला होता. नवा व्यवस्थापक म्हणत होता की तपासायला संगणक आहेच. पण मालक जुना माणूस. त्याला कोश जुन्या पद्धतीने, मोठ्याने वाचून तपासलेला हवा होता. त्याने कानामात्र्यांना बोलावणं धाडलं. दोन वर्षं घरात बसून औषधाच्या बाटल्यांवरच्या चुका काढणाऱ्या माणसापुढे अख्खा शब्दकोश! ते एका पायावर तयार होते. त्यांची अट एकच होती, समोर वाचायला रेडिओ हवा. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर माझी पेन्सिल चालत नाही, म्हणाले. व्यवस्थापकाने सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी दोघांचा होकार आला नाही, तर काम संगणकाकडे जाणार होतं.

म्हणून शनिवारी संध्याकाळी ते निघाले तेव्हा एका हातात फळांची टोपली होती आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत कोशाची पहिली चाळीस पानं, हस्तलिखित आणि प्रूफ दोन्ही.

"जेवायला चाललोय की कामाला?" बायकोने विचारलं.

"आधी जेवण. फळं कापायला घेतली की मी पिशवी काढीन," ते म्हणाले. सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

दार रेडिओनेच उघडलं. वाळला होता, केस सगळे पांढरे झाले होते, पण डोळे तेच. कानामात्र्यांनी हात पुढे केला, तर त्याने तो डाव्या हाताने घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"कसा आहेस रे?"

"त्याची कृपा."

‘त्याची’ म्हणजे कुणाची, हे कानामात्र्यांना पटकन कळेना. छापखान्यात ‘तो’ म्हणजे मालक. मालकाची कसली आलीय कृपा?

"सामान नीट पोचलं सगळं?"

"त्याची कृपा."

"घर छान आहे. सकाळचं ऊन येत असेल?"

"त्याची कृपा," रेडिओ म्हणाला आणि हसून बाजूला झाला.

कानामात्र्यांनी बायकोकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच ‘गप्प बसा’ म्हणून बजावलं. बाहेरच्या खोलीत रेडिओचं जुनं काचेचं कपाट होतं. त्यात पूर्वी रहस्यकथा खच्चून भरलेल्या असायच्या. आता एकसारख्या निळ्या कव्हरांची पुस्तकं ओळीने उभी होती. कोपऱ्यात बुटकं मेज, त्यावर दिवा, समोर बसायला तीन गाद्या. भिंतीवर चौकटीत एक वाक्य लावलं होतं: ‘शांत राहा, तो ऐकतो आहे.’ कानामात्र्यांनी ते सवयीने दोनदा वाचलं. चूक नव्हती. त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

"काका, या ना आत," लेक म्हणाली. "बुधवारी आणि शुक्रवारी आमचं प्रार्थना मंडळ असतं, म्हणून मुद्दाम शनिवार ठरवला."

आमचं! ही पोरगी दहा वर्षांची असताना वर्गात उभी राहून ‘देव नसतो’ असं म्हणाली होती आणि बाईंनी तिला बाहेर काढलं होतं. त्या दिवशी रेडिओ तिला छापखान्यात घेऊन आला, आणि कानामात्र्यांनी तिला स्वतःची फिरती खुर्ची बसायला दिली, चॉकलेटही दिलं. ते चॉकलेट फुकट गेलं, असं आता त्यांच्या मनात आलं.

जेवायला मेजाभोवती पाच खुर्च्या मांडल्या होत्या. रेडिओ आणि कानामात्रे समोरासमोर बसले. मधोमध सूपचं भांडं, भाजलेले बटाटे, वाटाणे, पाव. कानामात्र्यांना सपाटून भूक लागली होती. त्यांनी बसल्या बसल्या एक बटाटा तोंडात टाकला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच जेवत नाहीये.

"एक मिनिट हं, भावजी," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. कानामात्र्यांच्या बायकोनेही मिटले, फितूर कुठली. बटाटा तोंडात चटके देत होता. गिळावा तर आवाज होईल आणि थुंकावा तर कुठे, अशा पेचात त्यांनीही डोळे अर्धवट मिटले.

रेडिओने खिशातून लहानशी पुस्तिका काढली, चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागला. हळू, एकेक शब्द सुटा करून. कुठे गेला तो खणखणीत आवाज! हे भक्तीचं सोंग आहे, कानामात्र्यांना वाटलं. देवाशी बोलायला लागली की माणसं असाच लांबवलेला, मऊ आवाज काढतात, जणू समोरच्याला कमी ऐकू येतं.

"या घरात... तुझा... निरंतर वास असो."

वास बटाट्यांचा येत होता. पूर्वीच्या रेडिओने हे वाक्य असं सुकं जाऊ दिलं असतं का? कानामात्र्यांनी मोठ्या आशेने एक डोळा उघडून बघितलं. तो हसत नव्हता. वाक्य संपवून थांबला होता. समोर तो, अलीकडे आपण, मध्ये मेज, आणि वाक्य संपल्यावरची ती नेहमीची शांतता. कानामात्र्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं:

"पुढे."

तोंडात बटाटा असल्यामुळे ते ‘फुडे’ असं ऐकू आलं. बायकोचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. रेडिओची पापणी हलली, पण तो वाचत राहिला.

"भुकेल्यांना... अन्न दे. एकट्यांना... सोबत दे. थकलेल्यांना... बाळ दे."

"काना जास्त!"

हे मात्र चांगलं मोठ्याने निघालं. बटाटा एका दमात खाली गेला. लेकीने डोळे उघडले, वहिनींनी उघडले.

"बळ," कानामात्रे म्हणाले. आता थांबणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. "बळ दे, असं हवं. थकलेल्यांना बाळ कशाला? थकलेल्या माणसाच्या हातात बाळ दिलं तर तो आणखी थकेल!"

बायको फस्सकन हसली आणि तिने रुमाल तोंडावर धरला. बाकी कुणी हसलं नाही. रेडिओने पुस्तिका मिटली. त्याचे कान लाल झाले होते. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"भावजी, ही प्रार्थना आहे. प्रूफ नाही," त्या म्हणाल्या आणि सूपचं भांडं उचलून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"सूप गरम करायला नेलंय आईने," लेक म्हणाली. नेलं तेव्हा सूपमधून वाफा येत होत्या.

रेडिओ ताटातले वाटाणे चमच्याने एका बाजूला सारत होता. कानामात्र्यांना रडू यायचंच बाकी होतं. चार वर्षं ज्याच्या आवाजाची वाट बघितली, तो समोर बसला होता, आणि जवळ असून आपला राहिला नव्हता. कोश राहिला बाजूला. ज्याच्यासोबत आयुष्यभर हसलो त्याच्यावरच आज हसलो, आणि तेही त्याच्या घरात, त्याच्या ताटावर बसून. आता हा पुन्हा कशाला बोलावतोय?

"जा आणि वहिनींची माफी मागा," बायको कुजबुजली.

"पण माझं बरोबर होतं."

"तेच तर. म्हणूनच जा."

स्वयंपाकघरात वहिनी ओट्याकडे तोंड करून धुतलेले चमचे पुन्हा पुसत होत्या.

"वहिनी, चुकलं माझं. तोंडातून निघून गेलं."

"तो काना जास्त आहे हे मला माहीत नाही, असं वाटतं तुम्हाला?" त्या मागे न वळता म्हणाल्या. "यांच्याशी संसार केलाय मी."

"मग दुरुस्त का नाही केला?"

वहिनींनी चमचे खाली ठेवले आणि वळल्या. "चार वर्षांपूर्वी यांना झटका आला. मेंदूत गुठळी झाली. उजवा हात बराचसा परत आला. वाचा गेली."

"वाचा म्हणजे?"

"म्हणजे वाचा, भावजी. तोंडातून एक शब्द नाही. चौदा महिने."

"तुम्ही म्हणायचात, झोपलेत."

"काय सांगणार होते मी? यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहून दिलं होतं, कानामात्र्याला कळवू नको. मी विचारलं, का? तर लिहिलं, त्याला माझा आवाज लागतो, तो आता नाही." वहिनींनी पदराने डोळे टिपले. "बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या घरी. चित्रं दाखवायच्या. हे मांजर. ही बादली. म्हणा, बादली. एवढं वाचलेला माणूस! एक दिवस यांनी ती बादली खिडकीबाहेर फेकली."

"चित्रातली?"

"चित्रातलीच." क्षणभर वहिनींना हसू आलं. "शेजारच्या एक बाई मला मंडळात न्यायच्या. मी नुसती रडायला जायचे. तिथे रडलं तर कुणी काही विचारत नाही. यांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून सोबत न्यायचे, हातात पुस्तिका द्यायचे. सगळे एका सुरात म्हणायचे आणि हे ओळीवरून बोट फिरवत बसायचे. एका संध्याकाळी ती ओळ आली. सगळे सवयीने ‘बळ दे’ म्हणाले. छापलंय काय हे कुणी बघतच नव्हतं. आणि यांच्या तोंडून मोठ्याने निघालं, बाळ."

"कागदावर होतं ते," कानामात्रे म्हणाले.

"कागदावर होतं ते. चौदा महिन्यांतला पहिला शब्द. साठ माणसं गप्प झाली. मग मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, ही ओळ पुन्हा म्हणू या. आणि सगळे म्हणाले, थकलेल्यांना बाळ दे. तेव्हापासून आम्ही सगळे बाळच म्हणतो. पुस्तिका नव्याने छापली तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितलं, हा काना काढायचा नाही." त्या थांबल्या. "त्या रविवारी हे शेजारच्या बाईंबरोबर मंडळात गेले होते, आणि तुमचा फोन आला. तुम्हाला सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मी म्हणाले, प्रार्थनेला गेलेत. आणि तुम्ही हसलात."

कानामात्र्यांना ते हसणं आठवलं. चांगलं लांबलचक हसले होते ते.

"मी पूर्वी मानत नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "त्या संध्याकाळपासून मानते. तुम्हाला हसायचं तर हसा."

"नाही हसणार," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आणि ते ‘त्याची कृपा’?"

"ते न अडखळता येतं यांना. म्हणून सगळ्याला तेच. परवा दूधवाल्याने किती लिटर विचारलं, तर म्हणाले, त्याची कृपा. त्याने चार लिटर घातलं!" वहिनी भरल्या डोळ्यांनी हसायला लागल्या, आणि मग कानामात्रेही.

सूपचं भांडं कानामात्र्यांनी स्वतः बाहेर आणलं, मागोमाग वहिनीही येऊन बसल्या. बसताना त्यांनी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली. आता या माणसाला ‘मोठ्याने वाचायला चल’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. सोमवारी नाही म्हणून कळवू, संगणकाला करू दे काय करायचं ते, असं त्यांनी मनाशी ठरवलं. रेडिओ मात्र मान वाकवून मेजाखाली बघत होता.

"पिशवीत... काय?"

"काही नाही. जुने कपडे."

"शाईचा... वास येतोय."

"निरंतर," कानामात्र्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी जीभ चावली. बायकोने कपाळावर हात मारला. रेडिओने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पुस्तिकेकडे, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसला, आणि ते हसू कुठेही अडखळलं नाही. वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं ते जुनंच हसू होतं. लेक आईकडे बघतच राहिली.

एवढं झाल्यावर कानामात्र्यांची बायको गप्प बसणं शक्य नव्हतं. "शब्दकोश आहे त्यात, भावजी. छापखान्याला सोमवारी कळवायचंय. तुम्ही वाचायला बसलात तरच करणार, असा हट्ट धरून बसलेत हे."

रेडिओ हसायचा थांबला. त्याने वहिनींकडे मान वळवली. "हिने... सांगितलं तुला?"

"सांगितलं."

"मग? मी हळू वाचतो. एक पान... अर्धा तास."

"पूर्वी तू फार पळायचास," कानामात्रे म्हणाले. "मला पेन्सिलीला टोक काढायला उसंत मिळायची नाही."

"आणि मी... मानतो आता. सोंग नाही ते."

सोंग हा शब्द ऐकून कानामात्र्यांना आपल्या मनातलं मोठ्याने वाचल्यासारखं झालं. "माहीत आहे," ते म्हणाले.

"तू... मानू नको."

"मी कुठे मानतोय! माझं जुनंच. वर कुणी असता, तर इतक्या..." आणि ते मध्येच थांबले. आज आपल्या जिभेला झालंय तरी काय, त्यांना कळेना. वहिनींचा चमचा हवेत राहिला.

रेडिओने चष्मा कपाळावर सरकवला आणि छताकडे बघितलं, अगदी पूर्वीसारखं.

"एक चूक..." तो म्हणाला, "ठेवली असेल. मुद्दाम."

पंचवीस वर्षांत या विनोदाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. कानामात्र्यांना ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. त्यांनी ताटातला दुसरा बटाटा उगाच इकडून तिकडे फिरवला. डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी सूपच्या वाफेवर ढकललं.

"मग सोमवारचं काय, भावजी?" बायकोने विचारलं.

"आधी... प्रार्थना. राहिलीय."

"मी अडवली," कानामात्रे म्हणाले. "पहिल्यापासून वाच."

सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले. कानामात्र्यांनी या खेपेला तोंडात काही घातलं नाही, आणि डोळेही मिटले नाहीत. वाचणाऱ्याकडे बघत ऐकायची त्यांची सवय होती. रेडिओ ओळीखाली बोट ठेवून निघाला. घरातला निरंतर वास झाला, भुकेल्यांना अन्न मिळालं, एकट्यांना सोबत मिळाली. कुठे शब्द अडत होता, तिथे तो थांबून, धरून, पुढे जात होता. खुर्चीत बसल्या जागी कानामात्र्यांची बोटं त्याच्यासोबत मांडीवरच्या न दिसणाऱ्या ओळीवरून सरकत होती.

"थकलेल्यांना... बाळ दे."

रेडिओ थांबला. बोट तिथेच ठेवून त्याने चष्म्यावरून समोर बघितलं. वहिनींनी डोळे उघडले. लेकीनेही उघडले. कानामात्र्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीवर गेला होता. तो त्यांनी मेजावर ठेवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढे."

रेडिओने शेवटची ओळ वाचली. पुस्तिका मिटली, खिशात ठेवली.

"पूर्णविराम," तो म्हणाला, न अडखळता, आणि मेजाखालून पायाने पिशवी आपल्या बाजूला ओढली.